अ, ॲन की द? इंग्रजीत उपपद ठरवण्याचा क्रम

‘मांजर दारात आहे’ आणि ‘दारात मांजर आहे’. ही दोन वाक्यं सावकाश म्हणून बघा. पहिल्यात आपलं, घरातलं, दोघांनाही माहीत असलेलं मांजर आहे. दुसऱ्यात कुठलंतरी मांजर येऊन बसलंय. शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलली आहे. इंग्रजीत पहिलं वाक्य ‘द कॅट इज ॲट द डोअर’ असं होतं आणि दुसरं ‘देअर इज अ कॅट ॲट द डोअर’ असं.

म्हणजे उपपदामागचा फरक मराठी माणसाला लहानपणापासून कळतो. तरीही अर्जात, ईमेलमध्ये, मुलाखतीत अ आणि द यांचा गोंधळ होतोच. मी अनेकांचं इंग्रजी लिखाण तपासते आणि मला याचं एक कारण पुन्हा पुन्हा दिसतं. शाळेत आपण उपपदं ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नातून शिकलो. तिथे रिकामी जागा छापलेलीच असते, फक्त तीनपैकी एक शब्द निवडायचा असतो. स्वतः लिहिताना ती जागा कोणी दाखवत नाही. त्यामुळे बहुतेक चुका चुकीचं उपपद घातल्याच्या नसतात, जागाच न दिसल्याच्या असतात.

म्हणून इथे नियमांची यादी न देता क्रम दिला आहे. तो उलटसुलट करू नका. ‘अ की ॲन’ हा प्रश्न शाळेत पहिला शिकवतात, पण लिहिताना तो जवळजवळ शेवटी यायला हवा. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. त्याचा उपयोग पाचव्या टप्प्यावर कळेल.

## तयारी

कागद, पेन्सिल आणि तुम्ही स्वतः लिहिलेला पाच-सहा वाक्यांचा इंग्रजी मजकूर घ्या. पुस्तकातला उतारा नको. शक्य असेल तर शेजारी तोच मजकूर मराठीत लिहा, कारण तिसऱ्या टप्प्यावर मराठी वाक्यच खूण देतं.

आपण सगळ्यांनी मिळून हा नमुना घेऊ. अशी वाक्यं माझ्याकडे दर आठवड्याला येतात:

‘माय ब्रदर इज इंजिनिअर. ही वर्क्स फॉर कंपनी इन पुणे. लास्ट मंथ ही बॉट सेकंडहँड कार. कार हॅज प्रॉब्लेम विथ ब्रेक्स. ही टुक इट टु मेकॅनिक. मेकॅनिक गेव्ह हिम गुड ॲडव्हाइस. ही सेड रिपेअर वुड टेक अवर.’

## टप्पा १ : नामांना चौकटी घाला

प्रत्येक नामाभोवती पेन्सिलीने चौकट काढा. नामाच्या आधी विशेषण असेल तर तेही चौकटीत घ्या: ‘सेकंडहँड कार’, ‘गुड ॲडव्हाइस’. उपपद नामाला चिकटून बसत नाही, ते चौकटीच्या डाव्या कडेला बसतं. म्हणून ‘अ व्हेरी ओल्ड हाउस’. ‘व्हेरी अ ओल्ड हाउस’ कधीच नाही.

नाम नसेल तर चौकट नाही आणि उपपदही नाही. ‘ही इज ऑनेस्ट’ इथे फक्त विशेषण आहे, काही लावू नका. ‘ही इज ॲन ऑनेस्ट मॅन’ इथे ‘मॅन’ आल्यामुळे जागा तयार झाली.

आता ज्या चौकटीच्या तोंडाशी माय, युअर, हिज, धिस, दॅट, एव्हरी, ईच, सम, एनी, नो किंवा ‘राहुल्स’सारखं कोणाचं नाव आहे ती खोडून टाका. ती जागा भरलेली आहे. ‘द राहुल्स बुक’ होत नाही आणि ‘अ माय फ्रेंड’ही होत नाही. ‘माझा एक मित्र’ म्हणायचं असेल तर ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’.

डावी कड सोडून उपपद आत सरकतं अशी थोडी ठिकाणं आहेत, ती पाठच करा: ‘सच अ नाइस डे’, ‘व्हॉट अ शॉट’, ‘हाफ ॲन अवर’, ‘ऑल द स्टुडंट्स’.

पडताळा: आपल्या नमुन्यात ‘माय ब्रदर’ खोडलं गेलं. ‘लास्ट मंथ’ सहाव्या टप्प्यासाठी राखून ठेवा. बाकी सगळ्या चौकटी उघड्या आहेत.

## टप्पा २ : विशेषनामं बाजूला काढा

माणसांची, गावांची, राज्यांची, भाषांची, महिन्यांची नावं उपपदाशिवाय येतात: मीना, पुणे, महाराष्ट्र, मराठी, मे. भाषेच्या नावापुढे ‘लँग्वेज’ जोडलं तर मात्र ‘द मराठी लँग्वेज’.

द लागणारी नावं एका जागी लक्षात ठेवलेली बरी. नद्या, समुद्र आणि डोंगररांगा द घेतात: द गोदावरी, द अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स, द हिमालयाज. एकटं शिखर आणि एकटा तलाव घेत नाहीत: कळसूबाई, माउंट एव्हरेस्ट, लोणार लेक. म्हणून वाक्य असं होईल: ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’. इथला द शिखराच्या नावाचा नाही, ‘हायेस्ट’चा आहे. ही दोन कामं वेगळी ठेवा. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे म्हणून तिच्या नावाला द मिळत नाही, ती एकच सर्वांत उंच आहे म्हणून ‘हायेस्ट’ला मिळतो.

देशांमध्ये ज्यांच्या नावात स्टेट्स, किंग्डम, एमिरेट्ससारखं सामान्यनाम आहे किंवा जे नाव अनेकवचनी आहे, त्यांना द लागतो: द युनायटेड स्टेट्स, द यूके, द यूएई, द नेदरलँड्स, द मालदीव्ज. परदेशी नोकरीच्या अर्जात ‘माय ब्रदर लिव्ज इन यूएसए’ फार दिसतं. तिथे ‘इन द यूएसए’ हवं.

संस्थांच्या नावांत ‘ऑफ’ कुठे आहे ते बघा. ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला काही नाही, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’. तसंच ‘द रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’, ‘द गेटवे ऑफ इंडिया’. न्यायालयांना द: ‘द बॉम्बे हायकोर्ट’, ‘द सुप्रीम कोर्ट’. व्यापारी बँका आणि कंपन्यांची नावं मात्र त्या स्वतः लिहितात तशीच ठेवा. ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ला द लावत नाहीत.

आद्याक्षरांच्या नावांना एक सोपी कसोटी आहे. अक्षरं सुटी उच्चारली जात असतील तर सरकारी संस्थेला बहुधा द लागतो: द आरबीआय, द सीबीआय, द बीएमसी. सगळं मिळून एक शब्द म्हणून वाचलं जात असेल तर नाही: इस्रो, नासा, युनेस्को.

सावधान: विशेषनाम दुसऱ्या नामाचं विशेषण होऊन आलं तर चौकट त्या दुसऱ्या नामाची असते. ‘पुणे’ला काही लागत नाही, पण ‘अ पुणे कंपनी’ला लागतं.

## टप्पा ३ : वाचणाऱ्याला ‘कोणता?’ हे माहीत आहे का?

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या, इथे घाई करून चालत नाही.

राहिलेल्या प्रत्येक चौकटीसाठी एकच प्रश्न विचारा: वाचणाऱ्याला नेमका कोणता, कोणती, कोणतं हे ओळखता येईल का? हो असेल तर द. एकवचन असो, अनेकवचन असो, पाण्यासारखी न मोजता येणारी वस्तू असो, उत्तर ‘हो’ आलं की द लावून पुढे जा.

प्रश्न वाचणाऱ्याबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. मोठी चूक इथेच होते. तुम्ही काल दुकानात गेलात, कोणत्या दुकानात ते तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणून तुम्ही लिहिता ‘आय वेंट टु द शॉप इन नाशिक’. वाचणारा विचारतो, कोणतं दुकान? त्याच्यासाठी ते ‘अ शॉप इन नाशिक’ आहे.

वाचणाऱ्याला ओळख पटते ती चार वाटांनी.

पहिली वाट, तुम्ही आधी सांगितलं आहे. ‘ही बॉट अ कार. द कार हॅज अ प्रॉब्लेम.’

दुसरी वाट, जे आधी सांगितलं त्याच्या पोटात ते आहेच. ही वाट फार सुटते. ‘काल लग्नाला गेलो होतो. जेवण छान होतं.’ कोणतं जेवण, असं कोणी विचारत नाही, कारण लग्न म्हटलं की जेवण आलंच. इंग्रजीत: ‘आय वेंट टु अ वेडिंग. द फूड वॉज गुड.’ जेवणाचा उल्लेख पहिल्यांदाच झाला तरी द. तसंच कार म्हटली की द ब्रेक्स, घर म्हटलं की द किचन, पुस्तक म्हटलं की द कव्हर. ‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ एवढाच नियम पाठ असलेले लोक इथे अडतात.

तिसरी वाट, दोघांच्या भोवतालात ती वस्तू एकच आहे. ‘क्लोज द डोअर’, ‘द प्रिन्सिपल इज कमिंग’, ‘द सन’, ‘द मून’. एकमेव ठरवणारे शब्दही याच वाटेने येतात: द फर्स्ट, द लास्ट, द बेस्ट, द सेम, द ओन्ली.

चौथी वाट, नामाच्या मागे जोडलेले शब्द ओळख पटवतात. ‘द मॅन हू लिव्ज नेक्स्ट डोअर’, शेजारी राहणारा तो माणूस.

सावधान: मागे ‘ऑफ’ किंवा ‘हू’ दिसला की डोळे मिटून द लावायची सवय अनेकांना असते. ‘शी इज अ मेंबर ऑफ द कमिटी’ बघा. कमिटी कोणती ते ठरलेलं आहे, पण सभासद अनेकांपैकी एक आहे. ‘आय मेट अ मॅन हू सेल्स बँगल्स’ इथे ‘बांगड्या विकतो’ हे फक्त वर्णन आहे, त्यावरून नेमका माणूस सापडत नाही. ‘शी इज द मेंबर ऑफ द कमिटी’ असं लिहिलंत तर कमिटीत ती एकटीच आहे असा अर्थ होतो.

### मराठी वाक्यातल्या तीन खुणा

उत्तर सुचत नसेल तर शेजारचं मराठी वाक्य बघा.

पहिली खूण शब्दांच्या जागेची, मांजराची. ‘टेबलावर चावी आहे’ म्हणजे ‘देअर इज अ की ऑन द टेबल’. ‘चावी टेबलावर आहे’ म्हणजे ‘द की इज ऑन द टेबल’. नाम क्रियापदाला खेटून शेवटी आलं की बहुधा नवं, सुरुवातीला आलं की बहुधा ओळखीचं.

दुसरी खूण ‘ला’ आणि ‘ना’ची. ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, ‘आय ॲम लुकिंग फॉर अ डॉक्टर’. दुसऱ्यात ठरलेले डॉक्टर आहेत, ‘आय ॲम लुकिंग फॉर द डॉक्टर’. लग्नाच्या घरात ‘मुलगी बघतोय’ आणि ‘मुलीला बघतोय’ यांत केवढा फरक आहे! ही खूण माणसं आणि प्राणी यांच्यापुरतीच चालते. शिवाय ‘मुलाला पुस्तक दिलं’ यातला ‘ला’ कोणाला दिलं ते सांगतो, तो या कामाचा नाही.

तिसरी खूण, नामाआधी ‘एखादा’ घालून बघा. अर्थ तसाच राहिला तर अ. ‘तो’ किंवा ‘आपला तो’ घातल्यावर तसाच राहिला तर द.

पडताळा: नमुन्यात द कोणाला मिळाला? दुसऱ्यांदा आलेली कार, कारचे ब्रेक्स, दुसऱ्यांदा आलेला मेकॅनिक आणि रिपेअर. रिपेअर पहिल्यांदाच आलं आहे, पण बिघाड सांगितला आहे म्हणून ‘कोणती दुरुस्ती?’ असा प्रश्न उरत नाही.

## टप्पा ४ : मोजता येतं का, आणि एकच आहे का?

‘कोणता?’चं उत्तर ‘माहीत नाही’ आलं ती नामं आता उरली. ती मोजता येणारी आणि एकवचनी असतील तर अ किंवा ॲन. अनेकवचनी किंवा न मोजता येणारी असतील तर काहीच नाही. चौकट मोकळी ठेवणं हाही निर्णय आहे.

तीन चुका इथे घर करून बसल्या आहेत.

पहिली धंद्याची आणि ओळखीची. मराठीत आपण ‘माझा भाऊ इंजिनिअर आहे’ म्हणतो, ‘एक इंजिनिअर आहे’ म्हणत नाही. म्हणून ‘माय ब्रदर इज इंजिनिअर’ कानाला बरोबर वाटतं. इंग्रजीत एकवचनी, मोजता येणारं नाम असं उघडं सोडत नाहीत. ‘ॲन इंजिनिअर’, ‘अ टीचर’, ‘अ क्लेव्हर बॉय’. अपवाद एकाच माणसाला मिळणाऱ्या पदाचा: ‘शी वॉज इलेक्टेड सरपंच’, ‘ही वॉज अपॉइंटेड प्रिन्सिपल’. निवडलं, नेमलं अशा क्रियापदांनंतर पद उघडं चालतं.

दुसरी चूक याच्या उलट, मराठीतला ‘एक’ उचलून ‘वन’ करण्याची. ‘एक होता राजा’चं ‘देअर वॉज वन किंग’ होतं. हवं ‘देअर वॉज अ किंग’. ‘वन मॅन केम टु अवर हाउस’ ऐकणाऱ्याला वाटतं की दोन नाही, एकच आला यावर तुमचा भर आहे. संख्या सांगायची असेल तेव्हाच ‘वन’.

तिसरी चूक मराठीत मोजता येणाऱ्या, पण इंग्रजीत न मोजता येणाऱ्या नामांची. आपण ‘एक सल्ला देऊ का?’, ‘एक बातमी आहे’, ‘एक माहिती हवी होती’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत ॲडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन यांना ना अ लागतो, ना अनेकवचनाचा एस. फर्निचर, लगेज, होमवर्क, इक्विपमेंट, ट्रॅफिक, रिसर्च, एव्हिडन्स हेही याच पंक्तीतले. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, नाहीतर ‘सम ॲडव्हाइस’. ‘न्यूज’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एस आहे, पण ते एकवचनच आहे: ‘द न्यूज इज गुड’. ‘नॉलेज’ही न मोजता येणारं आहे, तरी ‘अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश’ बरोबर आहे. बायोडाटात ते कोणी खोडलं तर खोडू देऊ नका.

काही नामं दोन्हीकडे चालतात आणि अर्थ बदलतो. ‘आय लाइक कॉफी’ म्हणजे पेय, हॉटेलात ‘अ कॉफी, प्लीज’ म्हणजे एक कप. ‘शी हॅज लाँग हेअर’ म्हणजे डोक्यावरचे केस, ‘देअर इज अ हेअर इन द डाळ’ म्हणजे एक सुटा केस.

### सर्वसाधारण विधान करताना

‘आंबे गोड असतात’ हे जगातल्या सगळ्या आंब्यांबद्दल आहे: ‘मँगोज आर स्वीट’. ‘आंबे गोड आहेत’ हे समोरच्या पेटीतल्या आंब्यांबद्दल आहे: ‘द मँगोज आर स्वीट’. आपल्याकडे ‘असतात’ आणि ‘आहेत’ ही जोडी हा फरक दाखवते, तिचा उपयोग करून घ्या. ‘असतं’ आणि ‘असतात’ला द नाही.

निबंधांत ‘द लाइफ इज हार्ड’, ‘वुई शुड लव्ह द नेचर’, ‘द सोसायटी मस्ट चेंज’ अशी वाक्यं येतात. तिन्हींतला द काढा. मागे जोड आली आणि ती नेमकी झाली तर मात्र परत येतो: ‘द लाइफ ऑफ अ फार्मर’. एखाद्या प्राण्याची जात एकवचनात सांगताना द चालतो: ‘द टायगर इज अ वाइल्ड ॲनिमल’. ‘द रिच’, ‘द पुअर’ असे विशेषणांचे गटही द घेतात.

पडताळा: नमुन्यात इंजिनिअर, कंपनी, पहिली कार, प्रॉब्लेम, पहिला मेकॅनिक आणि अवर यांना अ किंवा ॲन लागेल. ‘गुड ॲडव्हाइस’ मोकळं राहील.

## टप्पा ५ : आता अ की ॲन

चौकटीतला पहिला शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला, म्हणजे अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, ॲ, ऑ यांपैकी काही, तर ॲन. व्यंजन आलं तर अ. इंग्रजी स्पेलिंग बघूच नका. ही सोय रोमन लिपीत लिहिणाऱ्याला नाही, आपल्याला आहे.

युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन यांची सुरुवात ‘य’ने होते, म्हणून अ. ‘वन-वे स्ट्रीट’ ‘व’ने, म्हणून अ. ‘अंब्रेला’ ‘अ’ने, म्हणून ॲन. अवर आणि ऑनेस्ट यांच्या स्पेलिंगमध्ये एच आहे, पण देवनागरीत ‘ह’ उमटत नाही, म्हणून ॲन. ‘हॉस्पिटल’मध्ये उमटतो, म्हणून अ.

आद्याक्षरांनाही हीच कसोटी. ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स या १२ अक्षरांची नावं स्वराने सुरू होतात. म्हणून ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एलआयसी पॉलिसी’, ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एचएससी सर्टिफिकेट’. आणि ‘अ यूपीआय पेमेंट’, ‘अ झेडपी स्कूल’, ‘अ पॅन कार्ड’.

सावधान: काही भागांत एल, एम, एन यांचा उच्चार ‘यल’, ‘यम’, ‘यन’ असा होतो. तसा उच्चार धरला तर कसोटी चुकेल. आधी ‘एल’, ‘एम’, ‘एन’ म्हणा, मग ठरवा.

कसोटी चौकटीतल्या पहिल्या शब्दाला लावायची, नामाला नाही. ‘अ युनिफॉर्म’, पण ‘ॲन ओल्ड युनिफॉर्म’. ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ न्यू अंब्रेला’. चौकट आधी पूर्ण झाल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, म्हणून तो इतक्या उशिरा आला.

द लिहिताना बदलत नाही, बोलताना बदलतो. व्यंजनापूर्वी ‘द कार’, स्वरापूर्वी ‘दि इंजिनिअर’. आपल्याकडच्या जुन्या सहकारी संस्थांच्या पाट्यांवर पुढे व्यंजन असलं तरी ‘दि’ लिहिलेलं असतं. वाचताना तो उच्चार जिभेवर बसू देऊ नका.

## टप्पा ६ : रूढ जोड्या शेवटी तपासा

वरच्या पाच टप्प्यांतून जे सुटतं ते रूढीचं असतं. इथे तर्क लढवू नका.

जागा: ‘गो टु स्कूल’, ‘गो टु कॉलेज’, ‘गो टु बेड’, ‘ॲट होम’ हे उपपदाशिवाय. शिकायला जाणारं मूल ‘टु स्कूल’ जातं, फी भरायला जाणारे वडील ‘टु द स्कूल’ जातात. ‘आय ॲम गोइंग टु ऑफिस’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेर खटकतं. ‘टु द ऑफिस’ किंवा नुसतं ‘टु वर्क’ म्हणा. बँक, मार्केट, पोस्ट ऑफिस यांनाही द. रुग्णाबद्दल ब्रिटिश ‘इन हॉस्पिटल’ म्हणतात, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. दोन्ही बरोबर, एका लिखाणात एकच ठेवा.

आजार: ‘अ फीव्हर’, ‘अ कोल्ड’, ‘अ हेडेक’, पण मलेरिया, डायबिटीस मोकळे. रजेच्या अर्जातलं ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर’ सोडून ‘आय हॅव अ फीव्हर’ लिहिलंत तर चूक जाते आणि वाक्यही सरळ होतं.

प्रवास: ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, पण ‘ऑन द बस’. वेळ: ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ॲट नाइट’. ‘लास्ट मंथ’ म्हणजे मागचा महिना, ‘द लास्ट मंथ’ म्हणजे गेले तीसेक दिवस. जेवण: ‘वुई हॅड लंच’, पण विशेषण आलं की ‘अ हेवी लंच’. खेळ मोकळे, ‘प्ले कबड्डी’. वाद्यांना द, ‘प्ले द तबला’. दर सांगताना अ: ‘फॉर्टी रुपीज अ किलो’, ‘ट्वाइस अ डे’.

### अ गेला की अर्थ जातो

‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर’ म्हणजे इथे माझे थोडे मित्र आहेत, एकटा नाही. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर’ म्हणजे फारसं कोणी नाही. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’चंही तसंच. मुलाखतीत ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणणाऱ्याने आपल्याला जवळजवळ अनुभव नाही असं सांगितलेलं असतं.

‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट’ म्हणजे बरेच विद्यार्थी गैरहजर. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज ट्वेंटी’ म्हणजे संख्या वीस. पहिल्यासोबत आर, दुसऱ्यासोबत इज.

‘बहुतेक लोक’ म्हणजे ‘मोस्ट पीपल’. ‘द मोस्ट पीपल’ नाही.

## टप्पा ७ : दोन वाचनं

नमुना आता असा झाला:

‘माय ब्रदर इज ॲन इंजिनिअर. ही वर्क्स फॉर अ कंपनी इन पुणे. लास्ट मंथ ही बॉट अ सेकंडहँड कार. द कार हॅज अ प्रॉब्लेम विथ द ब्रेक्स. ही टुक इट टु अ मेकॅनिक. द मेकॅनिक गेव्ह हिम गुड ॲडव्हाइस. ही सेड द रिपेअर वुड टेक ॲन अवर.’

तुमचा मजकूर इथवर आला की तो दोनदा वाचा, वेगवेगळ्या दिशांनी.

पहिलं वाचन शेवटच्या वाक्यापासून वर. अर्थाच्या ओघात डोळा मोकळी जागा भरून घेतो, उलट वाचलं की तो ओघ तुटतो. प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामापाशी थांबा. त्याच्या डाव्या कडेला अ, ॲन, द, माय, धिस असं काहीतरी असलंच पाहिजे. नाम उघडं दिसलं आणि ते सहाव्या टप्प्यातलं रूढ नसेल, तर ती चूक आहे. घाईत एवढं एकच वाचन करता आलं तरी करा, निम्म्याहून अधिक चुका इथेच सापडतात असा माझा अनुभव आहे.

दुसरं वाचन सुरुवातीपासून खाली, फक्त द साठी. प्रत्येक द पाशी थांबून विचारा: इथपर्यंत वाचलेल्या माणसाला ‘कोणता?’चं उत्तर मिळालंय का? स्वतःला हे ठरवणं कठीण जातं, कारण आपल्याला सगळंच माहीत असतं. म्हणून महत्त्वाचा अर्ज किंवा ईमेल असेल तर तो घरातल्या कोणालाही मोठ्याने वाचून दाखवा आणि द आलेल्या प्रत्येक नामाचं मराठी करून सांगा. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. जिथे तो ‘कोणता?’ असं विचारील, तिथला द खोडा आणि चौथ्या टप्प्यावर परत जा.